अक्षर, बाइट आणि चौकट

‘म’ हे अक्षर चुकीच्या टर्मिनलवर पाहिले, की ते एकटे येत नाही. आधी डोक्यावर तिरकी रेघ असलेला फ्रेंच ‘ए’ उमटतो. त्याच्यामागे चार कोपऱ्यांना शिंगे फुटलेले एक गोल चिन्ह येते. ते कुठल्याही देशाच्या चलनासाठी राखून ठेवलेले आहे. शेवटी वर्तुळात कोंडलेला ‘आर’, म्हणजे नोंदणीकृत व्यापारचिन्हाची खूण. पुढचा ‘र’ आला तर पहिली दोन चिन्हे तीच राहतात आणि तिसऱ्या जागी तापमानाच्या अंशाचे वर्तुळ बसते.

यात यंत्र बिघडलेले नसते आणि मजकूरही हरवलेला नसतो. २२४, १६४ आणि १७४ या किमतींचे तीन बाइट पाठवणाऱ्याकडून अगदी अचूक आलेले असतात. तिघांचे मिळून एक ‘म’ होते. पण वाचणाऱ्या टर्मिनलची समजूत अशी असते, की एक बाइट म्हणजे एक अक्षर आणि एक अक्षर म्हणजे पडद्यावरची एक चौकट. या दोन समजुती अमेरिकेत जन्मल्या. त्यांतली पहिली अमेरिकेतच एका रात्री मोडली गेली, दुसरी आत्ता कुठे मोडू लागली आहे. त्या दोन्हींच्या मोडतोडीत मराठीचा संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे.

कागदावरची अक्षरे

अमेरिकन स्टँडर्ड्स असोसिएशनने १९६३ च्या जूनमध्ये ‘ॲस्की’ ही संकेतावली जाहीर केली. सात बिट, म्हणून १२८ जागा. त्यांतल्या बऱ्याच जागा अक्षरांना दिल्याच नव्हत्या. ‘ओळ खाली घे’, ‘गाडी डावीकडे आण’, ‘घंटा वाजव’ अशा यंत्राला द्यायच्या आज्ञा तिथे होत्या. पहिल्या आवृत्तीत इंग्रजीची लहान लिपीसुद्धा नव्हती. ती १९६७ च्या सुधारणेत आली. मार्च १९६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी आदेश काढला, की यापुढे केंद्र सरकार जे संगणक घेईल त्यांना ॲस्की आलीच पाहिजे. सरकारसारखे मोठे गिऱ्हाईक मिळाल्यावर संकेतावलीचा प्रश्नच मिटला.

याच १९६३ साली टेलिटाइप कॉर्पोरेशनचे ‘मॉडेल ३३’ बाजारात आले. ते सेकंदाला दहा अक्षरे कागदावर ठोकायचे, तीही फक्त मोठ्या लिपीतली. एका ओळीत ७२ अक्षरे मावत. न्यू जर्सीतल्या मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची उभारणी केली तेव्हा त्यांच्यासमोर अशीच टेलिटाइप यंत्रे होती. युनिक्समधल्या अनेक आज्ञा दोन-तीन अक्षरांच्या आहेत, त्यामागे या कष्टाच्या टंकलेखनाचाही वाटा आहे. आजही लिनक्सवर टर्मिनलचे नाव ‘टीटीवाय’ असते. ते ‘टेलिटाइप’चेच संक्षिप्त रूप.

या कागदी यंत्राला एक सोय होती आणि ती पुढे हरवली. ॲस्की ठरवणाऱ्यांना फ्रेंच आणि स्पॅनिशची आठवण होती. म्हणून १९६७ च्या आवृत्तीत त्यांनी अशी मुभा ठेवली, की अक्षर छापावे, गाडी एक घर मागे घ्यावी आणि त्याच जागी आघाताची खूण ठोकावी. शाई शाईवर बसते आणि कागदावर दोन्ही मिळून एक अक्षर दिसते. काना, मात्रा, उकार ज्या लिपीत लागतात तिच्याशी हे तत्त्व फार लांबचे नव्हते. एका जागी एकाहून अधिक खुणा बसू शकतात, एवढे तरी त्यात मान्य होते.

काचेवरच्या चौकटी

सत्तरच्या दशकात कागद गेला आणि काच आली. मॅसॅच्युसेट्समधल्या मेनार्ड गावच्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने ऑगस्ट १९७८ मध्ये ‘व्हीटी-१००’ हे टर्मिनल काढले. त्याच्या पडद्यावर २४ ओळी आणि दर ओळीत ८० घरे होती. हा ८० चा आकडा आयबीएमच्या १९२८ च्या छिद्रकार्डावरून चालत आलेला. पडद्यावर एकूण १,९२० चौकटी, गणिताच्या वहीत असतात तशा सारख्या मापाच्या.

स्मृती त्या काळी महाग होती. म्हणून प्रत्येक चौकटीपुरता एक संकेत तेवढा साठवायचा आणि त्या संकेताचा ठिपक्यांचा नमुना कायमस्वरूपी चिपमधून उचलून पडद्यावर मांडायचा, अशी रचना झाली. स्वस्त, वेगवान आणि इंग्रजीसाठी पुरेशी. पण एका चौकटीत एकच संकेत मावतो, म्हणजे नवा आला की जुना पुसला जातो. ‘ई’ छापून मागे आले आणि आघात दिला, तर काचेवर आघात उरतो आणि ‘ई’ नाहीसा होतो. कागदाला जमणारी गोष्ट काचेला जमेनाशी झाली. अक्षरावर अक्षर चढवण्याची मुभा कुणी ठरवून काढून घेतली नाही. पैशांच्या हिशेबात ती आपोआप गळली.

व्हीटी-१०० एवढे खपले, की त्याची आज्ञावली हीच पुढच्या टर्मिनलांची भाषा झाली. १९८४ च्या उन्हाळ्यात ‘एक्सटर्म’ या सॉफ्टवेअर टर्मिनलचे काम सुरू झाले आणि ते लवकरच एमआयटीत घडणाऱ्या एक्स विंडो प्रणालीत आले. त्यानेही या व्हीटी कुळाचीच नक्कल केली. आज लॅपटॉपवर जी काळी खिडकी उघडते ती अजूनही स्वतःला १९७८ च्या त्या पेटीचा वारस म्हणवते. यंत्र संग्रहालयात गेले, चौकटी मात्र राहिल्या.

युरोपीय भाषांनी काय केले? त्यांनी जागा बदलून घेतल्या. ब्रिटिश व्हीटी-१०० वर हॅशच्या जागी पौंडाचे चिन्ह यायचे. स्वीडन, जर्मनी, डेन्मार्क या देशांनी महिरपी आणि चौकोनी कंस काढून तिथे आपली स्वरांची अक्षरे बसवली. परिणामी स्वीडिश प्रोग्रामर आपल्या ‘सी’ भाषेतल्या प्रोग्रामचे कंस टिंबे दिलेल्या स्वरांच्या रूपात वाचायला सरावले. १९८३ च्या व्हीटी-२२० ने आठवा बिट वापरात आणला आणि पश्चिम युरोपची बहुतेक अक्षरे मावली. तिथे ही सोय संपली.

कानपूर आणि पुणे

देवनागरीला जागा बदलून भागणार नव्हते. १२८ जागा मोकळ्या मिळाल्या तरी ‘क्त’, ‘द्ध’, ‘ज्ञ’, ‘त्र’, ‘र्व’, ‘प्र’ यांची मोजदाद कुठे थांबवायची? टंकलेखन यंत्राने तडजोड केली होती. अर्धे तुकडे, उभे दांडे आणि वेलांट्या वेगवेगळ्या कळांवर ठेवून अक्षर डोळ्यांना जुळलेले दिसेल एवढे पाहायचे. पुढे मराठी छपाईत रुळलेले अनेक फाँट याच वाटेने गेले. इंग्रजीच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवले, म्हणजे मजकूर छापता येतो; शोधता किंवा वर्णानुक्रमे लावता येत नाही. फाँट बदलला की सगळ्याचा कचरा होतो.

आयआयटी कानपूरमध्ये दुसरी वाट शोधली जात होती. मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे देवनागरी टर्मिनल घडवले. १९८३ मध्ये दिल्लीला भरलेल्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात ते लोकांसमोर आले. त्यामागचा विचार असा, की यंत्रात उच्चाराचा क्रम साठवावा आणि डोळ्यांना दिसणारा आकार यंत्राने जुळवावा. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी काढली जाते, पण साठवायची ती ‘क’ नंतर. ‘क्ष’ हे वेगळे अक्षर मानायचे नाही. ‘क’, पाय मोडल्याची खूण आणि ‘ष’ असे तीन संकेत ठेवायचे. संकेत मोजके राहतात, जोडाक्षरे हवी तेवढी होतात.

या विचारातून ‘इस्की’ ही भारतीय संकेतावली आकाराला आली. ॲस्कीच्या १२८ जागांना धक्का न लावता वरच्या १२८ जागांत भारतीय लिप्या बसवल्या होत्या. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि हे काम ‘जिस्ट’ या नावाने पुण्यात आले. जिस्ट कार्ड संगणकात बसवले, की केवळ इंग्रजीसाठी लिहिलेले प्रोग्रामही भारतीय लिप्यांत चालत. अक्षरे जुळवण्याचे काम कार्ड करत असल्यामुळे प्रोग्रामला त्याची खबरही लागत नसे.

सोळा बिटांचे स्वप्न

त्याच सुमारास कॅलिफोर्नियात झेरॉक्सचे जो बेकर आणि ॲपलचे ली कॉलिन्स व मार्क डेव्हिस जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी एकच संकेतावली करण्याच्या खटपटीत होते. ऑगस्ट १९८८ मध्ये बेकर यांनी तिचा आराखडा मांडला आणि तिला ‘युनिकोड’ म्हटले. प्रत्येक अक्षराला सोळा बिट, म्हणजे ६५,५३६ जागा. आजच्या वापरातल्या लिप्यांना एवढ्या जागा पुरतील, असा त्यांचा हिशेब होता.

जानेवारी १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात युनिकोड कन्सॉर्शियमची रीतसर नोंदणी झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रमाणाचा पहिला खंड आला. त्यात देवनागरी ज्या क्रमाने आहे तो १९८८ च्या इस्कीचा क्रम आहे. केवळ क्रमच घेतला असे नाही. उच्चारानुसार साठवण आणि आकाराची जुळणी यंत्राकडे, हे तत्त्वही त्यासोबत कॅलिफोर्नियाला गेले. अमेरिकन प्रमाणात देवनागरी शिरली ती भारतात आखलेल्या नकाशासह. याच कारणाने पुढे विंडोज असो की फोन, जोडाक्षर घडवण्याचा हिशेब मुळात तोच राहिला.

पण सोळा बिट युनिक्सच्या गळी उतरेनात. युनिक्स सगळा बाइटच्या ओघावर चाललेला. शून्य बाइट म्हणजे मजकुराचा शेवट, ४७ किमतीचा बाइट म्हणजे फोल्डरांची नावे वेगळी करणारी तिरकी रेघ, ३२ च्या खालचे बाइट म्हणजे टेलिटाइपच्या काळातल्या आज्ञा. सोळा बिटांच्या अक्षराचे दोन बाइट करून ते जसेच्या तसे टर्मिनलकडे सोडले, तर इंग्रजीच्या प्रत्येक अक्षरात एक शून्य बाइट येतो आणि मजकूर पहिल्याच अक्षराला संपतो.

देवनागरीची गत तर पाहण्यासारखी झाली असती. आपल्या प्रत्येक अक्षराचा पहिला बाइट ९, म्हणजे टॅब. ‘इ’चा दुसरा बाइट ७ आहे, टर्मिनल घंटा वाजवील. ‘ई’चा ८, कर्सर एक घर मागे सरकेल. ‘ऊ’ आला की नवी ओळ सुरू होईल. ‘छ’चा दुसरा बाइट म्हणजे एस्केप, म्हणून त्यापुढची अक्षरे टर्मिनल आज्ञा समजून बसेल. असे बाइट कळफलकावरून आत गेले, तर विसर्गाने चालू प्रोग्राम बंद पडेल, ‘च’ने तो स्थगित होईल आणि ‘क’ने आत्ताच लिहिलेली ओळ पुसली जाईल. ‘य’चा दुसरा बाइट नेमका ४७, म्हणजे तिरकी रेघ. ‘यमुना’ नावाची फाइल करायला गेले, तर युनिक्स फोल्डर शोधायला निघेल.

आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने यावर ‘यूटीएफ’ नावाची एक तोड काढली होती. आज तिला यूटीएफ-१ म्हणतात. तिच्यातही अनेक बाइटांच्या अक्षरात तिरकी रेघ डोकावू शके. शिवाय मजकुराच्या मध्येच वाचायला सुरुवात केली, तर अक्षर कुठे सुरू होते ते कळायचे नाही.

न्यू जर्सीतले जेवण

बेल प्रयोगशाळेत टॉम्पसन आणि रॉब पाइक तेव्हा युनिक्सनंतरची ‘प्लॅन ९’ ही प्रणाली रचत होते. तिच्यात त्यांनी हीच यूटीएफ वापरली होती आणि त्यांना ती मुळीच आवडत नव्हती. १९९२ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला एका दुपारी उशिरा त्यांना फोन आला. युनिक्स कंपन्यांच्या ‘एक्स/ओपन’ या संघटनेच्या समितीने फाइलींना बाधणार नाही असा नवा आराखडा तयार केला होता आणि या दोघांनी तो तपासून द्यावा, अशी विनंती होती. पाइक यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, त्या दोघांच्या लक्षात आले की आपल्या मनासारखी रचना प्रमाण करून घ्यायची संधी हीच.

ते एका डायनरमध्ये जेवायला गेले. टॉम्पसन यांनी तिथल्या ताटाखालच्या कागदावर बिटांची मांडणी केली. बुधवार, २ सप्टेंबरची ती रात्र. जेवून परतल्यावर त्यांनी समितीला फोन करून योजना समजावली आणि सोमवारपर्यंत चालती प्रणाली देण्याचे कबूल केले. त्याच रात्री टॉम्पसन यांनी अक्षरे बाइटांत बांधण्याचा आणि सोडवण्याचा कोड लिहिला. पाइक यांनी प्रणालीच्या लायब्रऱ्या, म्हणजे प्रोग्रामांना लागणारा सामाईक कोड, उकलायला घेतल्या. शुक्रवारी प्लॅन ९ पूर्णपणे नव्या रचनेवर चालत होती. तिलाच पुढे यूटीएफ-८ म्हणू लागले.

रचना थोडक्यात अशी. ॲस्कीची १२८ अक्षरे होती तशीच, एकेका बाइटात. बाकी प्रत्येक अक्षर दोन किंवा अधिक बाइटांचे आणि त्या बाइटांतला एकही १२८ च्या खाली नाही. म्हणून घंटा वाजत नाही, टॅब पडत नाही, तिरकी रेघ उगवत नाही. पहिला बाइट सांगतो की हे अक्षर एकूण किती बाइटांचे. मागून येणाऱ्या बाइटांची सुरुवात वेगळ्याच बिटांनी होते, त्यामुळे मजकुरात कुठेही उडी मारली तरी पुढच्या अक्षराची सुरुवात लगेच सापडते. समितीच्या आराखड्यात नेमका हाच गुण नव्हता. देवनागरीचे प्रत्येक अक्षर या हिशेबाने तीन बाइटांचे होते. ‘मराठी’ला, काना आणि वेलांटी वेगळी मोजून, पंधरा लागतात.

जानेवारी १९९३ मध्ये सान दिएगोच्या युझनिक्स परिषदेत दोघांनी यावर निबंध वाचला. त्याच्या शीर्षकातच ‘नमस्कार जगा’ हे इंग्रजी, ग्रीक आणि जपानी अशा तीन लिप्यांत छापले होते. एक अक्षर म्हणजे एक बाइट, ही समजूत त्या दिवशी औपचारिकपणे निकालात निघाली.

त्या रचनेत एक मोकळीक अशी होती, की तिची किंमत कळायला वीस वर्षे गेली. सोळा बिटांवर न थांबता टॉम्पसन यांनी ३१ बिटांपर्यंत वाट ठेवली होती. बेकर यांचा ६५,५३६ चा अंदाज चुकला आणि १९९६ मध्ये युनिकोडला आपली हद्द अकरा लाखांवर न्यावी लागली. त्या वाढीव हद्दीत मोडी लिपी बसली. मिशिगन विद्यापीठातले अंशुमन पांडे यांनी २०११ मध्ये मोडीचा सविस्तर प्रस्ताव मांडला आणि जून २०१४ च्या युनिकोड ७.० मध्ये ती ७९ संकेतांसह दाखल झाली. पेशव्यांच्या दप्तरातल्या अक्षराला आज यूटीएफ-८ मध्ये चार बाइट मिळतात. सोळा बिटांच्या मूळ स्वप्नात त्याला घर नव्हते.

रोमनमधली मराठी

प्रमाण झाले म्हणून टर्मिनल लगेच सुधारत नाही. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या विद्यापीठांत शिकणारी आणि कंपन्यांत काम करणारी मराठी माणसे एकमेकांशी इंटरनेटवर बोलत होती ती ॲस्कीतच. रोमन लिपीत मराठी लिहिली की ‘त’ आणि ‘ट’, ‘न’ आणि ‘ण’, ‘ल’ आणि ‘ळ’ एकमेकांत मिसळत. अविनाश चोपडे यांनी अमेरिकेत १९९१ मध्ये ‘आयट्रान्स’ हा प्रोग्राम केला. दंत्य ‘त’ला लहान टी, मूर्धन्य ‘ट’ला मोठा टी, दीर्घाला स्वर दोनदा, असे त्याचे नियम. टर्मिनलवर केवळ इंग्रजी कळफलक वापरून असा मजकूर टंकायचा आणि आयट्रान्सकडून तो देवनागरीत छापून घ्यायचा. मराठी गाण्यांचे शब्द, स्तोत्रे, आरत्या या पद्धतीने हजारो मैल फिरल्या. पडद्यावर देवनागरी येत नाही हे धरूनच ही सोय केली होती. तिच्या यशात टर्मिनलचे अपयशही मोजलेले आहे.

टर्मिनल हळूहळूच वळले. २००० च्या आसपास एक्सटर्मला यूटीएफ-८ कळू लागले. सप्टेंबर २००२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या रेड हॅट कंपनीने आपल्या लिनक्सच्या ८.० आवृत्तीत यूटीएफ-८ हीच मूळ व्यवस्था केली. बाइटांची भुते यानंतर उतरू लागली. मग दुसरी अडचण उघडी पडली.

‘क्ष’ला किती चौकटी?

टर्मिनलमध्ये चालणारा प्रोग्राम आणि टर्मिनल स्वतः, दोघेही कर्सर कुठे आहे याचा हिशेब आपापल्या मनाशी ठेवतात. संपादक म्हणतो, मी पाच चौकटी लिहिल्या. टर्मिनलनेही पाचच रंगवल्या तर ठीक. नाहीतर पुढचे अक्षर भलत्याच जागी पडते आणि पुसायला गेले की शेजारचे पुसले जाते. दोघांत याबाबत कधी बोलणे होत नाही. त्यांच्यातल्या करारात ‘हे अक्षर किती रुंद’ असे विचारायची सोयच नाही. म्हणून दोघांनी एकच कोष्टक पाठ करायचे, असा रिवाज पडला. केंब्रिजचे मार्कुस कून यांनी लिहिलेले ‘डब्ल्यूसीविड्थ’ हे छोटे फंक्शन त्यासाठी जगभर उचलले गेले.

त्या कोष्टकात संकेताची रुंदी शून्य, एक किंवा दोन. चिनी-जपानी अक्षरांना दोन, वर-खाली चिकटणाऱ्या खुणांना शून्य, उरलेल्या सगळ्यांना एक. चीन-जपानच्या अक्षरांची मापे सारखी असल्याने त्यांचे भागले. देवनागरीत उकार, मात्रा आणि पाय मोडल्याची खूण शून्यात गेली. काना आणि वेलांटी मात्र शेजारी जागा घेतात म्हणून एक-एक चौकट धरून बसली. परिणामी ‘मराठी’ या तीन अक्षरी शब्दाला पाच चौकटी. ‘क्ष’ला दोन. ‘कि’ला दोन, आणि टर्मिनल बेतास बात असेल तर वेलांटी ‘क’च्या मागे, टिंबांच्या वर्तुळावर बसलेली. मग ‘स्त्रिया’चे काय होईल ते सांगायला नको. आकार जुळवायचे काम करणारी तंत्रे तोवर उत्तम झाली होती. विंडोज २००० पासून ‘मंगल’ फाँटमध्ये मराठी नीट दिसत होतीच. पण शब्द जुळवल्यावर त्याची रुंदी चौकटींच्या पाढ्यात बसत नाही आणि पाढा सोडला तर कर्सर हरवतो. त्यामुळे ब्राउझरमध्ये जे अक्षर डौलात उभे राहते ते शेजारच्या काळ्या खिडकीत मोडून पडते.

मराठीचे आणखी एक वैशिष्ट्य इथे अडकते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक रफार आणि पापणीसारख्या अर्ध्या ‘र’चा. युनिकोडमध्ये हा ‘ऱ्य’ लिहायची एक जुनी रीत अशी, की ‘र’, पाय मोडल्याची खूण आणि त्यापुढे न दिसणारा ‘जोडक’ संकेत द्यायचा. जोडकाला रुंदी नाही, आकार नाही. पुढच्या-मागच्याने कसे जुळावे एवढेच तो सांगतो. पडद्यावर ओळखू येत नाही म्हणून अनेक प्रोग्राम त्याला निरुपयोगी समजून गाळत.

इमोजीने उघडलेले दार

२०१० च्या युनिकोड ६.० मध्ये इमोजी आले आणि काही वर्षांत त्यांना जोडण्याची गरज पडली. माणूस आणि भाताची पेंढी मिळून शेतकरी. माणसे आणि मुले मिळून कुटुंब. जोडण्यासाठी नवा संकेत काढला नाही. भारतीय आणि अरबी लिप्यांसाठी पहिल्या आवृत्तीपासून असलेला तो न दिसणारा जोडकच वापरला. अमेरिकन प्रोग्रामरच्या टर्मिनलवर पहिल्यांदाच जोडाक्षर आले ते चित्राच्या रूपात. जुन्या कोष्टकाने शेतकऱ्याला चार चौकटी दिल्या, डोळ्यांना दोनच दिसत होत्या आणि कर्सर दोन घरे पुढे पळाला. मराठी माणसाची वीस वर्षांची तक्रार आता कॅलिफोर्नियातल्या माणसाच्या स्वतःच्या पडद्यावर होती.

मग हालचाल झाली. मिचेल हाशिमोतो यांनी २०२३ मध्ये टर्मिनल आणि अक्षरसमूह (अनेक संकेत मिळून दिसणारे एक अक्षर) यांच्या या भानगडीवर सविस्तर लिहिले आणि त्यांचे ‘घोस्टी’ टर्मिनल डिसेंबर २०२४ मध्ये खुले झाले. ते सुटे संकेत मोजत बसत नाही, पूर्ण अक्षरसमूह मोजते. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज टर्मिनलमध्येही २०२४ च्या चाचणी-आवृत्तीत हाच बदल आला. जोडलेल्या लिप्यांना टर्मिनलमध्ये नीट स्थान कसे द्यायचे, यावरचा प्रस्ताव २०२३ मध्ये युनिकोडसमोर गेला. कॅलटेकमध्ये शिकलेले मुंबईचे कोविद गोयल यांच्या ‘किटी’ टर्मिनलने २०२५ मध्ये प्रोग्रामला एक नवी मुभा दिली: अमुक मजकूर इतक्या चौकटींत बसव, असे तो टर्मिनलला स्वतः सांगू शकतो. करारात न विचारलेला प्रश्न विचारायची ही पहिली मोकळी सोय म्हणता येईल.

या सगळ्यात युनिकोडचे स्वतःचे एक येणे बाकी होते. ‘अक्षर कुठे तुटते’ याच्या त्याच्या मूळ नियमाप्रमाणे ‘क्ष’ हे एक अक्षर नव्हतेच. पाय मोडलेला ‘क’ एक आणि ‘ष’ दुसरे, असे दोन समूह धरले जात. सप्टेंबर २०२३ च्या १५.१ आवृत्तीत देवनागरीसह सहा भारतीय लिप्यांसाठी तो नियम बदलला आणि ‘क्ष’ अखंड झाला. इस्कीतून ‘क’, पाय मोडल्याची खूण आणि ‘ष’ ही मांडणी उचलून बत्तीस वर्षे झाल्यावर तिची बेरीज एक येते, हे मान्य झाले.

हा इतिहास केवळ उपेक्षेचा नाही. अमेरिकन अभियंत्यांनी मराठी अडवून ठेवली होती असे कुठे दिसत नाही. त्यांनी स्वतःची गरज भागवली आणि इतरांची गरज त्यांच्या गरजेशी जुळली तेव्हा ती भागली. एक्स/ओपनच्या समितीला घाई नसती तर यूटीएफ-८ त्या आठवड्यात झाली नसती. इमोजी नसते तर अक्षरसमूहांचा हिशेब कदाचित आजही लांबणीवर असता. पण दोन वेळा असेही झाले, की आपल्या लिप्यांवरच्या कामाने आधी वाट पाडून ठेवली होती. इस्कीचा नकाशा तयार होता म्हणून पहिल्या युनिकोडमध्ये देवनागरी उच्चाराच्या क्रमाने गेली, तुकड्यांच्या क्रमाने नाही. मोडीचा प्रस्ताव पुराव्यांसह टेबलावर होता म्हणून वाढीव जागांत मोडीला जागा मिळाली.

आता उरला आहे तो रुंदीचा प्रश्न. ‘क्ष’ एक आहे हे ठरले. त्याला चौकट एक द्यायची की दोन, ‘स्त्रिया’ला किती, ‘दऱ्या’तला जोडक प्रत्येक प्रोग्रामने जपायचा कसा, हे प्रत्येक टर्मिनल सध्या आपापल्या समजुतीने ठरवते. चौकटींचा पाढा हा निसर्गनियम नाही. १९७८ मध्ये स्मृती महाग होती, त्याचा तो हिशेब आहे. तो नव्याने मांडला जात असताना कुठल्या मराठी शब्दांवर तो मोडतो, हे उदाहरणासह दाखवायचे काम मराठी वाचणाऱ्यांचेच आहे. घोस्टी, विंडोज टर्मिनल आणि किटी या तिन्हींचा कोड कुणालाही वाचायला खुला आहे. चुका नोंदवायची जागा तिथेच आहे.